तुवा, १९४४ : विलीन झाला की गिळला गेला?

रानभूल (धागालेखक)
मंगोलियाच्या डोक्यावर, सायान पर्वताच्या अलीकडे तुवा आहे. आज रशियातलं एक प्रजासत्ताक, वस्ती साडेतीन लाखांच्या आत. १९२१ ते १९४४ मात्र हा वेगळा देश होता. माझं मत सरळ आहे : तो विलीन झाला नाही, गिळला गेला. १७ ऑगस्ट १९४४ला तिथल्या ‘छोट्या खुराल’ने म्हणजे विधिमंडळाने सोव्हिएत संघात घ्या अशी मॉस्कोला विनंती केली आणि ११ ऑक्टोबरला ती मंजूर झाली. लोकांना कुणी विचारलंच नाही. आणि विनंती करणारे तरी कोण? दोंदुक कुलार हा पंतप्रधान मूळचा लामा. बौद्ध धर्माला राजाश्रय देऊ पाहणारा, मंगोलियाकडे ओढा असलेला. त्याला १९२९मध्ये बाजूला केलं आणि १९३२मध्ये गोळी घातली. त्याची जागा मॉस्कोत शिकून आलेल्या पोरांनी घेतली. त्यांच्यातला सालचाक तोका १९३२पासून पक्षाचा प्रमुख, तो थेट १९७३मध्ये मरेपर्यंत. याला स्वेच्छा म्हणायचं?

खडूफळा
असहमत. गिळायला आधी देश स्वतंत्र हवा ना! मान्यता देणारे होते दोनच : सोव्हिएत संघ आणि मंगोलिया. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १९११पर्यंत तुवा चीनवर राज्य करणाऱ्या मांचूंच्या ताब्यात, १९१४मध्ये झारच्या छत्राखाली, आणि चीनने तेव्हा आपला दावा सोडलेला नव्हता. अशा जागी लाखभर पशुपालक एकटे टिकले असते, हे स्वप्नरंजन आहे. शिवाय जून १९४१मध्ये जर्मनी सोव्हिएतांवर चालून आल्याबरोबर तुवा त्यांच्या बाजूने युद्धात उतरला, घोडे दिले, सोनं दिलं, पुढे स्वार पाठवले. शाळा, दवाखाने, तुवी भाषेला लिपी, हे सगळं कुठून आलं?

रानभूल
लिपी आली १९३०मध्ये. म्हणजे देश वेगळा असतानाच! तेव्हाची लॅटिनवर आधारलेली लिपी काढून १९४३मध्ये सिरिलिक बसवली आणि पुढच्या वर्षी देशच गेला. वर दर्जा काय मिळाला, तर स्वायत्त प्रांत. स्वायत्त प्रजासत्ताक म्हणवून घ्यायला १९६१ उजाडावं लागलं. मान्यता दोनच देशांची होती हे खरं, पण म्हणून तिथल्या माणसांना मत नव्हतं का?

टपालपेटी
थोडं अवांतर. या देशाची तिकिटं भारी होती, त्रिकोणी, तिरक्या चौकोनाची. छापून यायची मॉस्कोहून. १९३६च्या एका तिकिटावर उंट आणि आगगाडी एकत्र धावताहेत. तुवात तेव्हा रेल्वे नव्हती. आजही नाही! भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमनला लहानपणी ही तिकिटं मिळाली होती. म्हातारपणी तुवाची राजधानी किझिलला जायचं म्हणून तो वर्षानुवर्षं खटपट करत राहिला. सोव्हिएत परवानगी पोचली, तेव्हा १९८८मध्ये तो वारलेला होता.

ओलीसुकी
टपालपेटी यांनी रेल्वे काढली ते बरं झालं. १९४४वर किती भांडाल? खरी गोष्ट तिथे आहे.
शेजारी खाकासिया बघा. तेही तुर्की वंशाच्या भाषा बोलणाऱ्यांचंच. त्याच्या राजधानीपर्यंत, अबाकानपर्यंत रूळ पोचले, कारखाने आले, आणि आज खाकास लोक स्वतःच्याच प्रजासत्ताकात जेमतेम एक-अष्टमांश. तुवात १९५९च्या जनगणनेत तुवी ५७ टक्के होते, २०१०मध्ये ८२. मधे १९९०च्या दंगली आहेत, बरेच रशियन त्यानंतर निघून गेले, आणि ते काही कौतुकाने सांगण्यासारखं नाही. पण घरात, बाजारात तुवी बोलली जाते, लामा आणि शामान दोघांकडेही लोक जातात, खोमेय म्हणजे घशातून काढलेल्या सुरांचं गाणं गाणारी पोरं तयार होताहेत, त्यामागे रूळ अडवून धरणारा सायानचा घाट आहे. मॉस्कोची मेहेरबानी नाही आणि १९२१चं स्वातंत्र्यही नाही. २०११च्या डिसेंबरात पुतिन यांनी किझिलमध्ये सायानपलीकडच्या कुरागिनोला जोडणाऱ्या रेल्वेमार्गासाठी चांदीचा खिळा ठोकला. रूळ अजून नाहीत. माझ्या मते न झालेलंच बरं.

खडूफळा
हे लांबून बोलायला ठीक आहे. ती रेल्वे तुवातल्या एलेगेस्तच्या खाणीतल्या कोळशासाठी होती. ती नाही म्हणून तुवा रशियातल्या सगळ्यात गरीब भागांत मोडतो. जो कोळसा निघतो तो किझिलमध्ये घरोघरच्या चुलींत जळतो. शहर खोऱ्यात, हिवाळ्यात पारा उणे चाळिशीला टेकतो, धूर वर जातच नाही. लहान पोरं तो धूर छातीत ओढतात. भाषा टिकावी म्हणून त्यांनी तसंच राहायचं?

ओलीसुकी
तसंच राहावं असं मी म्हटलेलं नाही. वीज द्या, चांगल्या भट्ट्या द्या. त्यासाठी कोळशाच्या गाड्या बंदरापर्यंत न्यायची काय गरज? नफा किझिलमध्ये थांबणार नव्हता.

रानभूल
गरिबीचा दुसरा हिशेबही मांडा. युक्रेनच्या युद्धात लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक माणसं गमावलेल्या प्रदेशांत तुवा आहे, असं स्वतंत्र मोजणी करणारे पत्रकार सांगतात. ज्या गावात पगाराची नोकरी नाही, तिथे लष्कराचा करार हीच नोकरी. युद्ध सुरू झालं तेव्हाचा संरक्षणमंत्री शोइगु तुवातलाच, चादानचा. त्याने काय फरक पडला? आणि १९९३च्या तुवाच्या संविधानात सार्वमताने बाहेर पडायचा हक्क लिहिलेला होता. २००१च्या संविधानात तो नाही. कुणामुळे गेला?

खडूफळा
मॉस्कोमुळे, मान्य. पण आठ वर्षं ते कलम हाताशी होतं आणि सार्वमत झालं नाही, हेही धाग्यात लिहा.