भेटीसाठी घरी केलेल्या गोळ्या आणि कॅरॅमल बिघडू नयेत म्हणून काय करावे?

प्रश्न : सणानिमित्त स्नेह्यांना देण्यासाठी मऊ कॅरॅमल आणि साखरेच्या कडक गोळ्या घरीच करायच्या आहेत. पाक साखरू नये आणि गोळ्या चिकट होऊ नयेत, यासाठी कोणती काळजी घ्यावी?

उत्तर १ : पातेल्याच्या कडेला राहिलेला साखरेचा एखादा दाणा पाकात पडला, तरी त्याभोवती स्फटिक धरून सगळा पाक साखरू शकतो. म्हणून साखर विरघळेपर्यंतच ढवळावे, कडा ओल्या ब्रशने पुसाव्यात आणि थोडे ग्लुकोज सिरप किंवा लिंबाचा रस घालावा. कॅरॅमलमध्ये साय घातल्यावर मात्र ते तळाला लागू नये म्हणून ढवळत राहणे आवश्यकच असते. त्यासाठी सुमारे ११८ ते १२० अंश सेल्सिअस, तर कडक गोळ्यांसाठी सुमारे १५० अंश तापमान लागते.

उत्तर २ : थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासून घ्यावा, समुद्रसपाटीवर तो १०० अंश दाखवायला हवा.

उत्तर ३ : कडक गोळ्या हवेतला ओलावा झपाट्याने शोषतात, त्यामुळे दमट दिवशी त्या करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गार होताच त्या हवाबंद डब्यात भराव्यात आणि कॅरॅमल वेगळ्या डब्यात ठेवावे. दूध किंवा सुकामेवा वापरला असल्यास डब्यावर तसे अवश्य लिहावे.