प्रतिसाद: टेरा-अ‍ॅक्वाचे आकडे सरळ जोडू नका
वरती एकांनी म्हटलंय की २००० पासूनचा सॅटेलाइट डेटा फुकट मिळतो, तर पुण्यावरच्या एरोसॉलचा (हवेतल्या बारीक कणांचा) ग्राफ काढा की सरळ. काढा, पण जरा जपून. टेरा आणि अ‍ॅक्वा या नासाच्या दोन्ही उपग्रहांवर मोडिस हाच सेन्सर, तरी टेराचं कॅलिब्रेशन (मोजमाप अचूक ठेवणारी जुळवणी) हळूहळू सरकत गेलं आणि कलेक्शन ५ या डेटाच्या जुन्या आवृत्तीत जमिनीवरचा एरोसॉल उगाच कमी होत चाललाय असं दिसायचं, अ‍ॅक्वात मात्र तसं नव्हतं, मग कलेक्शन ६ मध्ये ते बरंचसं सुधारलं. म्हणजे हवा तीच, म्हातारा झाला तो सेन्सर! क्लायमेटचा ट्रेंड इतका बारीक असतो की असली सरक त्याला सहज गिळते. म्हणून ताडून बघायला जमिनीवरून सूर्याकडे बघणारा फोटोमीटर (प्रकाश मोजणारं यंत्र) लागतो, एरोनेट या अशा यंत्रांच्या जागतिक नेटवर्कचा तसा एक आपल्या पाषाणला आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत आहे. आणि पावसाळ्यात ढगांमुळे रीडिंग जेमतेमच मिळतात, त्यामुळे नुसती 'वार्षिक सरासरी' दिली की मला तरी शंकाच येते. पुढे सुओमी एनपीपी या उपग्रहावरच्या व्हीअर्स सेन्सरचा डेटा जोडणार असाल तर २०१२ नंतर मोडिस आणि व्हीअर्स दोन्ही सेन्सर एकत्र चालू होते त्या वर्षांत फरक किती येतो ते आधी बघा, मग जोडा.