रस्त्यावरच्या गाडीत नायट्रसची बाटली नेण्याबद्दल मदत हवी आहे

चौथागिअर
नमस्कार मंडळी. १.६ लिटर पेट्रोल हॅचबॅकला नायट्रसचं वेट किट (इंजिनात नायट्रस ऑक्साइड आणि जादा पेट्रोल सोडून ताकद वाढवणारं) बसवलं आहे. वापर फक्त ट्रॅकवर, पण गाडी तिथवर चालवतच न्यावी लागते. तीन-चार तासांचा रस्ता, तोही उन्हाळ्यात. ४.५ किलोची अ‍ॅल्युमिनियमची बाटली डिकीत आडवी बसवली आहे. व्हॉल्व्ह बंद ठेवला तर कायद्याला तेवढं पुरतं का? बाटली तापून फुटण्याची भीती कितपत खरी? आणि मागून कुणी ठोकलं तर गाडी पेट घेईल का? जाणकारांनी सांगावं.

कलमबहाद्दर
नुसत्या बंद व्हॉल्व्हवर विसंबू नका. गाडीत केलेला बदल आणि गॅस जवळ बाळगणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, लोक ते एकत्र कालवतात.

बदलाबद्दल: अमेरिकेतल्या काही राज्यांत रस्त्यावर असताना पुरवठ्याची नळी सोडवलेलीच असावी लागते. कॅलिफोर्नियात किटला तिथल्या हवा मंडळाचा मान्यता क्रमांक लागतो आणि तो ठरावीक मॉडेलांपुरताच चालतो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणी जुळेनाशी होईल असा बदल चालत नाही.

बाळगण्याबद्दल: ब्रिटनमध्ये ८ नोव्हेंबर २०२३ पासून नायट्रस ऑक्साइड ‘क’ वर्गातला अमली पदार्थ आहे. हुंगण्याखेरीज इतर रास्त कामासाठी जवळ ठेवायला मुभा आहे, पण डिकीत सुटी बाटली आणि गाडीला किटच नाही, तर पोलिसाला पटवणार कसं? भरल्याची पावती जवळ ठेवा. बाटलीवर यूएन १०७० हा वायूचा ओळख क्रमांक, धोका दाखवणारे हिरवा आणि पिवळा असे दोन्ही चौकोन शाबूत हवेत.

विमा कंपनीला किटचं लेखी कळवलं नसेल तर अपघातानंतर दावा फेटाळायला त्यांना आयतं कारण मिळतं.

उष्णमापक
तापमानाचा प्रश्न कायद्यापेक्षा गंभीर आहे. बाटलीत द्रव आणि त्यावर वाफ असते. दाब २० अंशांना साधारण ५० बार, ३० अंशांना ६३. किटला ६२ ते ६९ बार लागतात, म्हणजे कामाचं तापमान तिशीच्या आसपासच. ३६.४ अंशांनंतर द्रव आणि वाफ हा भेदच उरत नाही. नियमाप्रमाणे भरलेली बाटली (दर लिटर जागेला ०.६८ किलो) त्याच्याही आधी, तिशी ओलांडताच द्रवाने काठोकाठ होते, कारण हा द्रव तापला की फार फुगतो. वर वाफेची उशी उरली नाही की पुढच्या प्रत्येक अंशाला दाब झपाट्याने चढतो. उन्हात बंद उभी गाडी आतून ६० अंशांपर्यंत जाते. ‘अर्धा किलो जास्त भरून द्या’ म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

सुस्थितीतली बाटली सहसा फुटत नाही, तिची बर्स्ट डिस्क (दाब फार वाढला की आधी फाटणारी सुरक्षेची चकती) फाटते. १८०० पीएसआयच्या (सुमारे १२४ बार) बाटलीला ती साधारण ३००० पीएसआयची (सुमारे २०७ बार) असते. फाटली की सगळा गॅस एकदम बाहेर, आणि ४.५ किलो म्हणजे जवळजवळ २४०० लिटर वायू. छोट्या गाडीच्या केबिनमधली बहुतेक हवा तेवढ्याने हटते. वर हा गुंगी आणणारा वायू, आणि सुटताना उणे ८८ अंशांचा फवारा. चालत्या गाडीत याचा अर्थ काय ते वेगळं सांगायला नको. वारंवार डिस्क फाटते म्हणून जाड डिस्क किंवा तिच्या जागी बोल्ट लावणारे महाभाग असतात. मग मात्र बाटलीच फुटते.

चौथागिअर
माझी डिकी आणि केबिन एकच आहे. ओला टॉवेल गुंडाळला तर भागेल का?

स्पॅनरपाना
टॉवेल तासाभरात वाळतो. ब्लोडाउन किट घ्या: डिस्कच्या नटाच्या जागी अडॅप्टर बसतो आणि त्यातून जाड धातूची नळी फ्लोअरमधून गाडीबाहेर जाते. तोंड खाली आणि एक्झॉस्ट, पेट्रोल टाकी, ब्रेकच्या नळ्यांपासून लांब. रबरी पाइप चालत नाही, झटक्यासरशी निसटतो.

ब्रॅकेटचंही बघा. भरलेली बाटली ११ किलोच्या आसपास, म्हणजे २० जीच्या (गुरुत्वाच्या वीसपट) धडकेत ती सव्वादोनशे किलोच्या जोराने पुढे येते. पत्र्यात पिळलेले स्क्रू तिथे उपटतात. आरपार बोल्ट आणि खालून पोलादी पट्टी हवी. ड्रॅग रेसिंगच्या नियमांत होज क्लॅम्प आणि प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना बंदी आहे ती याचसाठी. दिशा: व्हॉल्व्ह गाडीच्या पुढच्या बाजूला, लेबल वर, बूड किंचित खाली. आतल्या सायफन नळीचं (तळचा द्रव व्हॉल्व्हपर्यंत आणणाऱ्या नळीचं) टोक मग मागे तळाशी येतं आणि वेग घेताना द्रव तिथेच जमतो.

अग्निकण
पेट घेण्याबद्दल: नायट्रस स्वतः जळत नाही, पण खूप तापला की त्याचं विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो. वजनाने ३६ टक्के, हवेत २३. म्हणजे लागलेल्या आगीला तो जोर देतो. जोडांना तेल-ग्रीस अजिबात नको. विघटन एकदा सुरू झालं तर काय होतं ते २००७ साली मोहावीतल्या रॉकेट चाचणीच्या स्फोटात दिसलं, तीन माणसं गेली. बाटली टॉर्चने तापवणाऱ्याला त्यामुळे ताबडतोब थांबवा. हीटर थर्मोस्टॅटचा किंवा प्रेशर स्विचचाच घ्या.

स्पॅनरपाना
आणि मूळ प्रश्नातली मेख राहिली. बाटलीचा व्हॉल्व्ह बंद, पुढे सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) बंद, मधल्या नळीत द्रव अडकलेला. ती नळी तापली तर आतला द्रव फुगायला जागाच नाही आणि तिला बर्स्ट डिस्कही नाही. म्हणून व्हॉल्व्ह बंद केल्यावर, इंजिन बंद ठेवून, पर्ज सोलेनॉइडने (नळीतला गॅस बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हने) नळी रिकामी करा, मोकळ्या जागेत. हातमोजे घालून नट अर्धा फेरा सैल करा, फुसफुस थांबली की पूर्ण सोडवा. दोन्ही तोंडांना टोपण, किटचा फ्यूज काढून खिशात. पुन्हा जोडताना फ्लेअर फिटिंगला (नळीच्या धातूच्या जोडाला) टेप लावू नका, तिचे तुकडे सोलेनॉइडच्या जाळीत अडकतात.

चौथागिअर
नळी आजच सोडवतो. मग बाटली अर्धीच भरून नेली तर? गेजवर अर्धी कशी ओळखायची?

उष्णमापक
गेजवर कळणारच नाही. द्रवाचा थेंब शिल्लक असेतो दाब तापमानावर ठरतो, गॅस किती उरलाय त्यावर नाही. काट्यावर ठेवा आणि बाटलीवर ठोकलेलं रिकामं वजन वजा करा. सव्वादोन किलो आलं की अर्धी. वाफेला भरपूर जागा राहते, त्यामुळे उन्हात दाब खूप कमी चढतो. ट्रॅकवर भरून मिळत असेल तर रिकामीच न्या. तिथल्या माणसाला हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने बाटली तपासण्याची) तारीख लागेल. अमेरिकी शिक्क्याच्या अ‍ॅल्युमिनियम बाटलीला ती दर ५ वर्षांनी असते, खांद्यावर महिना आणि साल ठोकलेलं सापडेल.