हार्डवेअरचा 'डिझायनर' दिवा: हौस की देखावा?

पांढरीमाती:
परवा या ग्रुपवर 'सातशेच्या आत डिझायनर दिवा' असा फोटो पडला. अर्धा इंची जीआय पाइप, तीन एल्बो, एक टी, बुडाला फ्लँज म्हणजे लोखंडी गोल बैठक, वर पितळी होल्डर आणि पिवळा फिलामेंट बल्ब. खाली अंगठ्यांचा पाऊस आणि 'शोरूमवाले लुटतात'चा गजर. राहवलं नाही म्हणून लिहितो.
नळफिटिंग जोडलं की डिझाइन होत नाही. शोरूममध्ये पैसे पाइपाचे नसतात, डोक्याचे असतात. तेही सोडून देऊ. लोखंडी पाइपातून टू-कोअर, म्हणजे दोनच तारांची वायर ओवली आहे, अर्थिंगचा पत्ता नाही. कापलेल्या पाइपाच्या तोंडाला धार राहते. वायर ओढताना इन्सुलेशन सोललं की अख्ख्या दिव्यात करंट. घरात ओल्या पायाची पोरं असतात. अशा भंगाराला लाइक देताना जरा विचार करा.

फिटरभाऊ:
फोटो माहाच होता, तं जबाब मीच देतो. आतून-बाहेरून कानस मारली, बोट फिरवून पाह्यलं, तोंडाले भोकाचं रबरी बूच बसवलं, मंगच वायर ओढली. फोटोत दिसत नाई म्हणजे नाईच काय? बल्बही फिलामेंटचा नोहे, एलईडी हाय, फक्त तसा दिसते.
अन् डोक्याचं म्हणता? इटलीतल्या कास्तिल्योनी भावांनी 1962 साली मोटारीचा हेडलाइट अन् गळाच्या काठीच्या कड्या घेऊन 'तोइओ' दिवा केला. बुडाले वजन म्हणून ट्रान्सफॉर्मरच ठेवला. तो अजूनही महागात विकल्या जाते. त्यांनी केलं तं डिझाइन, अन् म्या केलं तं भंगार?

रानवेल:
दोघंही लोखंडालाच चिकटले. जपानात इसामु नोगुचींनी 1951 पासून बांबूच्या काड्या आणि कागदाचे दिवे केले, जगभर गेले. आपल्या मेळघाटात लवादा गावी बांबूकामाचं एवढं केंद्र उभं राहिलं, तरी गावचा बुरूड अजून सूप-टोपल्यांवरच.
मी आठवडी बाजारातून एक टोपली घेतली, उपडी टांगायला. बुरूडकाका म्हणाले, "उपडीच टांगाची तं बुडाले भोक मीच पाडून देतो, तू पाडशीन तं वीण उसवीन." तिथंच बसून कामट्या सरकवल्या आणि होल्डर जाईल एवढीच जागा केली, एकही कामटी न कापता. आत नऊ वॅटचा एलईडी आहे. भिंतभर जाळी पडते. जुना साठ वॅटचा फिलामेंट बल्ब मात्र बांबूत लावू नका, पीव्हीसीतही नाही. तापून पाइप मऊ पडतो, वाकतो.

डीपीखालचा:
अर्थिंग कायची घेऊन बसले भौ? आमच्या डीपीचीच, गावच्या ट्रान्सफॉर्मरचीच, अर्थिंग तुटून पडली हाय. न्यूट्रल गेला की व्होल्टेज असं चढते का घरोघरचे बल्ब फटाफट उडते. दिवा नंतर करा, लाइन आना पहिले. चन्याले पाणी द्याचं तं लाइन रात्रीची. टॉर्च धरून वावरात, साप हाय का वाघ हाय, देव जाणे. चंद्रपूरले 2920 मेगावॅटचं केंद्र, कोराडी येगळं. राख आमच्या छातीत अन् उजेड मुंबईले!

पांढरीमाती:
विषय दिव्याचा आहे. आणि पंपाची बिलं किती जण भरत होते, तेही सांगा. तारांवर आकडे टाकून वीज चोरायची आणि डीपी जळली की ओरडायचं.

डीपीखालचा:
आकडा कोणाले म्हणता? साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपाचं बिल 2024 पासून सरकारनंच माफ केलं, आता कायचं बिल पुसता? डीपी जळली तवा गावानं वर्गणी करून ट्रॅक्टरवर नेली, तरी महिना लागला. तोवर पऱ्हाटी वाळली. तुमचा पगार एक तारखेले पडते, तुमाले रात्रीचं ओलीत काय समजन?

रानवेल:
पगारावर कशाला जाता? पण रात्रीच्या लाइनचं खरं आहे. माझ्या भावाला बांधावरच विंचू चावला. सौर पंप आल्यापासून दिवसा ओलीत होतं, तेवढं सुख. आता माझ्या टोपलीवर कुणी बोलेल का?

पांढरीमाती:
टोपली चांगली आहे. बांबू, त्यामुळे शॉकचीही भीती कमी. फिटरभाऊ, कानस मारली असेल तर काम सफाईचं आहे, एवढं लिहून देतो, फ्रेम करून लावा. पण थ्री-कोअर वायर टाका आणि त्यातली अर्थिंगची हिरवी तार फ्लँजला स्क्रूनं आवळा. बटणही फेजवर घ्या, न्यूट्रलवर नको.

फिटरभाऊ:
बटण फेजवरच हाय, साहेब. हिरवी टाकतो. पण भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागं वायरच नाई, तं हिरवी जाईन कुठं?

पांढरीमाती:
मग अंगणात खड्डा करा. पाइप उभा गाडून भोवती मीठ-कोळसा भरा आणि तिथून वायर आणा. काळी माती आहे, उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा वरून पाणी घालत राहायचं.

डीपीखालचा:
घाला, घाला. फक्त ते पाणी रात्री बारानंतर घाला लागन, मोटर तवाच चालते.