गाडगेबाबांची कोणती शिकवण तुमच्या घरात आचरणात आली?

डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच गाडगेबाबा (१८७६–१९५६), दिवसा खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारून उत्तरे त्यांच्याच तोंडून वदवून घेत. त्यांच्या जयंतीला भाषणे पुष्कळ होतात. येथे मात्र त्यांच्या सांगण्यामुळे आपल्या घरात प्रत्यक्ष काय बदलले, तेवढेच लिहावे, ही विनंती.

अकोल्याहून, निवृत्त शिक्षिका : माझ्या आजीने बाबांचे कीर्तन मूर्तिजापूरला ऐकले होते. ताट मोडा, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलांना शिकवा, हे त्यांचे सांगणे तिने शब्दशः घेतले आणि माहेरून आलेला पितळी हंडा व कळशी मोडीत घालून माझ्या वडिलांची वसतिगृहाची फी भरली. पुढे कित्येक वर्षे आमच्या घडवंचीवर मातीचा माठच असे. कोणी विचारले तर आजी ताठ मानेने कारण सांगत असे. वडील शिक्षक झाले, मी झाले, आणि आमच्या घरात मुलीच्या शिक्षणाचा खर्च हा कधी चर्चेचा विषयच झाला नाही.

धुळ्याहून : परळच्या टाटा रुग्णालयात आईवर उपचार सुरू असताना आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. मुंबईत आमचे कोणीही नव्हते. शेजारच्या खाटेवर बिहारमधील एक गृहस्थ पत्नीसह होते. भाषा तोडकीमोडकी, पण आईला केमोनंतर अन्न नकोसे होई तेव्हा पातळ खिचडीत लिंबू पिळून देण्याची युक्ती त्यांनीच सांगितली. तीर्थावर देऊळ न बांधता धर्मशाळा बांधणाऱ्या माणसाची दृष्टी मला तेथे कळली. आई गेली, तेव्हा तेराव्याचे जेवण न घालता ती रक्कम आम्ही त्याच धर्मशाळेला दिली. भाऊबंद नाराज झाले. आजही काही जण बोलत नाहीत, तरी निर्णय योग्यच होता असे मी मानतो.

पुण्याहून : ऋण काढून सण-लग्न करू नये, हे बाबांचे सांगणे घरी सर्वांना पाठ होते, पाळले मात्र प्रथम माझ्या बहिणीने. तिने नोंदणी विवाह केला आणि दोन्हीकडच्या मंडळींना घरीच पिठलं-भाकरी व शिऱ्याचे जेवण दिले. वडिलांनी त्यासाठी सोसायटीकडे केलेला कर्जाचा अर्ज दुसऱ्याच दिवशी मागे घेतला.