मदत हवी आहे: डाव्या हाताने देवनागरी लिहिण्यासाठी स्टब निब घ्यावी की ओब्लिक?

मी डावखुरा आहे आणि आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभांचे इतिवृत्त, तसेच घरची पत्रे, अजूनही शाईच्या पेनानेच लिहितो. सध्या लॅमी सफारी वापरतो आणि तिला मीडियम निब आहे. अक्षराला थोडे जाड-बारीक वळण यावे म्हणून स्टब (सरळ सपाट टोकाची) किंवा ओब्लिक (तिरक्या कापलेल्या सपाट टोकाची) निब घेण्याचा विचार आहे. इथे अशा निबा हाताळून पाहता येतील असे दुकान नाही, त्यामुळे ऑनलाइन मागवण्याआधी जाणकारांचे मत घ्यावे असे वाटले.

डावखुरे लोक पेन एकाच पद्धतीने धरत नाहीत, म्हणून आधी माझी पद्धत सांगतो. माझा हात ओळीच्या खाली असतो, पेनाचा मागचा भाग डाव्या खांद्याकडे झुकलेला असतो आणि कागदाची वरची कड मी थोडी उजवीकडे कलती ठेवतो. मनगट ओळीच्या वरून वळवून लिहिणाऱ्यांचा हात ओल्या शाईवरून जातो, तसा माझा जात नाही, त्यामुळे शाई फिसकटण्याचा त्रास मला फारसा नाही. खरी अडचण शिरोरेखेची आहे. शब्द पूर्ण झाला की शिरोरेखा डावीकडून उजवीकडे ओढायची असे आपण म्हणतो, पण माझ्या हाताला ती ढकलावी लागते. निबेचे टोक कागदात रुतू पाहते, एखादा तंतू दोन पात्यांच्या मधल्या चिरेत अडकतो आणि पुढच्या दोन-तीन शब्दांची रेषा केसाळ उमटते. गोल टोकाच्या निबेचे हे हाल असतील, तर कोपरे असलेल्या सपाट निबेचे काय होईल, ही माझी पहिली शंका.

दुसरी शंका कोनाची आहे. उजव्या हाताने सपाट निब सहज धरली की तिची धार डावीकडे खाली आणि उजवीकडे वर अशी टेकते आणि रोमन लिपीला हवे तसे जाड-बारीक आपोआप मिळते. देवनागरीचे पारंपरिक वळण याच्या उलट आहे, म्हणून तर बोरूला तिरका छेद द्यावा लागतो. मी कागदावर आकृती काढून पाहिली, तेव्हा असे दिसले की माझ्यासारख्या डावखुऱ्याच्या हातात साध्या सरळ स्टबची धारही डावीकडे वर आणि उजवीकडे खाली अशीच टेकेल, म्हणजे देवनागरीला हवी त्याच बाजूला. हे बरोबर असेल, तर ओब्लिकचा वेगळा खर्च कशासाठी करायचा? इंग्रजी सही मात्र भलत्याच ठिकाणी जाड होईल, पण ते चालवून घेता येईल.

तिसरा प्रश्न रुंदीचा. लॅमी आणि ट्विस्बी या दोघांचीही १.१ मिमीची सपाट निब सहज मिळते. माझ्या अक्षराची उंची मात्रा-वेलांट्या सोडून जेमतेम ४ मिमी असते. एवढ्या जागेत १.१ मिमीची रेष आली, तर 'क्ष' आणि 'ध'च्या गाठी भरून जातील अशी भीती वाटते. लॅमीची डावखुऱ्यांसाठीची 'एलएच' निबही पाहिली, पण तिचे टोक गोलसर असल्याने तिच्यातून जाड-बारीक मिळणार नाही असे दिसते. ज्यांनी डाव्या हाताने स्टब वापरून मराठी लिहिले आहे, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

प्रतिसाद

आपली आकृती बरोबर आहे. ओब्लिक निबेविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'लेफ्ट ओब्लिक' म्हणजे डाव्या हाताची निब नव्हे. डाव्या पायाच्या बोटांसारखा तिच्या टोकाचा उतार असतो, एवढाच त्याचा अर्थ. पेन बोटांत स्वतःभोवती फिरवून धरणाऱ्यांना ती उपयोगी पडते, मग हात कोणताही असो.

आपण पेन फिरवता की नाही, हे ठरवण्यासाठी सपाट टोकाचा साधा कॅलिग्राफी मार्कर आणावा आणि लक्ष न देता पानभर लिहावे. संपूर्ण धार उमटत असेल, तर सरळ स्टब घ्यावी. टोकाचा उजवा कोपरा सतत उचलला जात असेल, तर लेफ्ट ओब्लिक, आणि डावा उचलला जात असेल, तर राइट ओब्लिक.

शिरोरेखेसाठी 'इटॅलिक' नावाच्या धारदार कोपऱ्यांच्या निबेपासून दूर राहावे, कारण ढकलताना तीच रुतते. स्टबचे कोपरे घासून गोल केलेले असतात. शिवाय कागद आणखी थोडा उजवीकडे कलता केला, तर पेन ओळीशी अधिक उभे येते, शिरोरेखा ढकलण्याऐवजी आडवी सरकते आणि काना जाड, शिरोरेखा बारीक असा फरक पडतो. तो आवडेल की नाही, हे आपणच ठरवावे. मला स्वतःला शिरोरेखा ठसठशीत असलेली आवडते, म्हणून मी कागद फारसा कलवत नाही.

१.१ मिमीबद्दलची आपली भीती रास्त आहे. ती निब पत्राच्या मथळ्याला शोभते, इतिवृत्ताला नाही. ब्रॉड निब घेऊन ती स्टबसारखी घासून घेतली, तर रेष साधारण ०.७ ते ०.८ मिमीची मिळते आणि गाठी मोकळ्या राहतात. सफारीची निब पुढे ओढून काढता येते, त्यामुळे प्रयोग फसला तरी पेन वाया जात नाही. शाई मात्र जास्त उतरते, तेव्हा सभेच्या वहीचा कागद ती पलीकडे झिरपू देतो का, हे आधी पाहावे.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. मार्करने लिहून पाहिले. दोन्ही कोपरे टेकतात, तेव्हा ओब्लिकचा विचार सोडला. वहीच्या कागदातून शाई झिरपते, त्यामुळे इतिवृत्त मीडियमनेच लिहीन आणि स्टब पत्रांसाठी ठेवीन. आता ब्रॉड निब टपालाने स्वीकारून डावखुऱ्याच्या कोनाला जुळेल अशी घासून देणारे कोणी महाराष्ट्रात आहे का? त्यांना पाठवण्यासाठी माझ्या हस्ताक्षराच्या नमुन्याबरोबर पेन धरण्याचा फोटोही जोडावा लागेल का, तेही सांगावे.