भाकर सगळ्यांना पटते, मग ताटात का टिकत नाही?

शिवार_बीड
अंबाजोगाई-परळी पट्ट्यातल्या बचत गटांसाठी आहारावर काही बैठका घ्यायच्या आहेत. तक्ते आणि भाषणं पुष्कळ झाली. ज्वारीची भाकर, वरण, पालेभाजी चांगली हे कुणाला सांगावं लागत नाही. विषय काढला की बायाच आपल्याला चार गोष्टी जास्तीच्या सांगतात. तरी रोजच्या ताटात पोळी-भात, दिवसभर गोड चहा आणि लेकरांच्या हातात पाच रुपयांचं पाकीट. काही घरांनी मात्र जुनं जेवण सोडलेलं नाही. ती का टिकली आणि बाकीच्यांचं का सुटलं? उपदेश नको, कारणं सांगा.

जोंधळा_परभणी
ताटाच्या आधी शेत आणि रेशन दुकान बघा. खरिपाची ज्वारी सोयाबीननं हटवली. रब्बीची उरली ती घरापुरती, कारण मळणी यंत्रावर होत असली तरी काढणं, पेंढ्या बांधणं, कणसं खुडणं बहुतेक ठिकाणी हातानंच. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, वर पाखरं आणि रानडुकरं. पूर्वी हा सगळा खर्च कडबा भरून काढायचा. बैल गेले, ट्रॅक्टर आला, कडब्याची गरज घटली. म्हणून दावणीला दुभतं जनावर असलेलं घर अजून मालदांडी किंवा परभणी मोती ज्वारी पेरतं. आणि घरात पोतं असलं की भाकर होतेच, त्याला आरोग्याचं कारण लागत नाही.

रेशनचं असं की 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्यही होतं, 1 रुपया किलोनं. गहू 2, तांदूळ 3. पण दुकानात वर्षानुवर्षं मुख्यतः गहू-तांदूळच आला आणि जानेवारी 2023 पासून तो फुकट आहे. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डाला माणशी 5 किलो, अंत्योदय कार्डाला घरटी 35 किलो. पाच माणसांच्या घरात 25 किलो धान्य फुकट येत असताना ज्वारी विकत आणा म्हणणं म्हणजे त्या बाईच्या पदराला खार लावणं. बैठकीत आधी कुणाकडे कोणतं कार्ड आहे ते विचारा, मग आहार काढा.

अजून एक, याकडे फार कुणी बघत नाही. तांदुळजा, घोळ, पाथरी ही भाजी कुणी पेरत नव्हतं. खुरपताना ओट्यात यायची. तणनाशक आलं, खुरपणी गेली आणि फुकटची पालेभाजी पण गेली.

काठवट
वरचं सगळं खरं, पण घरात ज्वारी असूनही भाकर होत नाही त्याचं कारण हात. पोळी सकाळी सहाला लाटून डब्यात घातली तर दुपारी चालते. भाकर गरमच चांगली, एकेक थापायची, आणि उन्हातून आलेल्या बाईनं चुलीपुढं किंवा गॅसपुढं उभं राहायचं. तिला "पारंपरिक खा" सांगणारे बहुतेक जण ताटावर बसलेले असतात.

नव्या सुना "मला जमत नाही" म्हणतात तेव्हा दहातले आठ वेळा दोष पिठाचा असतो. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नाही. पीठ जाडसर किंवा जुनं असलं की विरी, म्हणजे गोळा धरून राहण्याचा गुण, जाते, भाकर काठाला फाटते, उचलताना तुटते. शिवाय अंकुरातलं तेल खवट होऊन कडसर लागते. दळण आठ-दहा दिवसांपुरतंच, उन्हाळ्यात त्याहून कमी. महिन्याचं एकदम दळून आणलं की तिसऱ्या आठवड्यात घर पोळीवर जातं.

शिकणारीसाठी उकडीची पद्धत सोपी. दोन वाट्या पिठाला साधारण दीड वाटी पाणी, चिमूटभर मीठ. पाण्याला खळखळून आधण आलं की पिठात ओतायचं, उलथन्यानं हलवून पाच-सात मिनिटं झाकायचं. गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुलतो, म्हणून गोळा धरून राहतो. हाताला सोसेल तसं तळहाताच्या टाचेनं रगडून मळायचं आणि एका भाकरीपुरताच गोळा घ्यायचा. थापलेली भाकर तव्यावर टाकली की वर पाण्याचा हात फिरवायचा. ते पाणी पूर्ण वाळायच्या आत उलटायची. इथं चुकलं की चिरा पडतात आणि वाफ निघून जाते. दुसरी बाजू नीट शेकली की पहिली बाजू आचेवर. फुगली नाही तर थापताना जाडी सारखी नव्हती किंवा तवा थंड होता.

डब्यासाठी धपाटे. दोन भाग ज्वारी, एक भाग गहू, अर्धा भाग हरभऱ्याचं पीठ, तीळ, ओवा, लसूण-मिरची, ताकात भिजवून. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात.

आहार_लातूर
थोडं थंड पाणी ओततो. ज्वारी औषध नाही. 100 ग्रॅममध्ये प्रथिनं आणि तंतू सुमारे 10-10 ग्रॅम. न चाळलेल्या गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढेच. फरक पडतो तो तांदळाशी आणि मैद्याशी, तांदळात तंतू 3 ग्रॅमच्याही खाली. म्हणून पोळी खाणाऱ्या घराला अपराधी वाटू देऊ नका, कोंडा चाळून टाकू नका एवढंच सांगा.

दुसरं, माप. आपली एक भाकर साधारण 75 ग्रॅम पिठाची, म्हणजे 250 कॅलरी आणि 50 ग्रॅम कर्बोदकं. घरची छोटी पोळी 30 ग्रॅम पिठाची. एक भाकर म्हणजे अडीच पोळ्या. साखरेचा पेशंट "पोळी सोडली, आता तीन भाकरी खातो" म्हणतो आणि साखर उतरत नाही म्हणून ज्वारीवरचाच विश्वास उडतो. जुन्या माणसांना चार पचायच्या, ती दिवसभर औत हाकायची. एक भाकर, वाटीभर घट्ट वरण, दोन वाट्या भाजी, ताक: बैठ्या माणसाला पुरतं.

चहाचा हिशेब बैठकीत चमच्यानं करून दाखवा. चमचाभर साखर 5 ग्रॅम धरा. दोन चमच्यांचे चार कप म्हणजे 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत असावी आणि जमलं तर 25 च्या आत आणावी म्हणते. मीठ दिवसाला 5 ग्रॅम. ठेचा, लोणचं, पापड यांत ते कधी ओलांडलं कळतही नाही. पारंपरिक ताटाची ही बाजू कुणी सांगत नाही.

येळवस_धाराशिव
मानाचा मुद्दा राहिला. पाहुणा आला की भाकर झाकून पोळी-पुरी करायची, ही सवय लेकरं बघतात. भाकर म्हणजे गरिबाचं हे तिथंच ठरतं. उलट जे पदार्थ सणाला बांधले गेले ते सुटले नाहीत: येळवशीची (वेळ अमावस्येची) भज्जी, आंबील, उंडे, भोगीला तिळाची बाजरीची भाकर आणि मिसळीची भाजी. कुणी पोषण म्हणून करत नाही, रीत म्हणून करतात. हुरडा तर आता शहरातले लोक पैसे देऊन खातात. जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, तेही सांगून बघा. आपल्या मालाचं नाव झालं की ऐकणाऱ्याचा सूर बदलतो.

शिवार_बीड
कामाचं मिळालं. एकाच बदलानं सुरुवात करायची तर कोणता? कार्ड बहुतेकांचं प्राधान्य कुटुंबाचं, ज्वारी विकत घेणं जड.

काठवट
मग भाकरीनं सुरू करू नका, चटणीनं करा. जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार झाल्यावर लसूण, तिखट, थोडं मीठ घालून कुटा. आठवड्यापुरतीच करा, जवसाचं तेल लवकर खवट होतं. रेशनच्या पोळीबरोबरही चालते. गटानं मिळून ज्वारीचं एखादं पोतं काढणीनंतर, भाव खाली असताना घ्यावं आणि दर आठवड्याला वाटून दळावं. साठवताना कडक ऊन द्या, दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे. ओल राहिली तर पावसाळ्यात पोरकिडे होतात.

आहार_लातूर
जवस माणशी रोज दोन चमचे पुरे. कच्चं, न भाजता देऊ नका.